खुंटीवरची ओली माती

थप्प. मग क्षणभर काही नाही. मग ओल्या मातीवरून दगडी शिक्का फिरत गेल्याचा बारीक, चिकट आवाज. बावीस वर्षं मी हा आवाज दिवसातून दोनदा ऐकत आले, पण कायम दाराच्या बाहेरून. त्या दिवशी तो आतून ऐकला आणि आधी काही कळलंच नाही. झोपेत होते. लोकरीच्या दोन गाठोड्यांमधल्या फटीत बसून, दोन्ही हात मनगटापर्यंत ताज्या लोकरीत खुपसून झोपले होते. ही माझी लबाडी. मेंढीच्या अंगावरून नुकतीच उपटलेली लोकर तेलकट असते आणि खोल आत कोमट असते, जिवंत जनावरासारखी. तिच्यात बोटं घातली की सांध्यांतली कळ घटकाभर दबते. कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं तरी काय होतं त्यात, की लोकरकोठीची बाई राजाच्या लोकरीत हात शेकते म्हणून? जाग आली तेव्हा दाराच्या फळीखालची उजेडाची रेघ होती तिथंच होती, आणि तिच्यावरून दोन पावलं लांब चालली होती. डावा पाय जरासा ओढत टाकणारी. माझी नणंद, निनझिदा. हाक मारायला तोंड उघडलं तर आत लोकरीचा धुरळा गेला. खोकून संपेपर्यंत पावलं संपली होती.

बाहेर आता काय आहे ते मला न बघता दिसत होतं. कडीपासून भिंतीतल्या खुंटीपर्यंत दोरीचे तीन वेढे, वेढ्यांवर मातीचा गोळा, आणि गोळ्यावर माझं नाव. अमाकल्ला, लोकरकोठी राखणारी. आमच्या ऊर शहरात जितकी माणसं आहेत तितकी माझ्या माहेरच्या गावात मेंढरंसुद्धा नव्हती, आणि ह्या सगळ्या माणसांत त्या गोळ्याला हात लावायचा हक्क एकटीचा, अमाकल्लाचा. मुकादमानं फोडायचा नाही, त्याच्या वरच्यानं फोडायचा नाही. हा नियम मी किती जणांच्या तोंडावर फेकलाय. एकदा तर खुद्द देवळाच्या माणसाला भर उन्हात ताटकळत ठेवलं, का, तर मी जेवत होते. आणि आता अमाकल्ला आत होती आणि तिचं नाव बाहेर.

हसू आलं. खरंच आलं, मोठ्यानं. मग आठवलं की आज सुगीचा सण. नन्ना चंद्रदेवाची नाव दुपारी धक्क्यावरून सुटणार, सगळं शहर मागून जाणार, आणि तीन दिवस एकाही कोठीचं दार उघडायचं नाही. हसू तिथंच संपलं. पाण्याकडे नजर गेली, म्हणजे जिथं पाणी असायला हवं होतं तिथं गेली. पूर्वी दाराच्या आत एक घडा असायचा. ओलीनं लोकर धरते म्हणून मीच तो हलवायला लावला होता, मोठ्या रुबाबात.

आता शिक्का निनझिदाकडे कसा, हे सांगायला हवं. हिवाळ्यात माझी बोटं आखडली. शिक्का म्हणजे बोटाच्या पेराएवढा दगडाचा लाटण्यासारखा तुकडा. त्यावर कोरलेलं चित्र मातीवर सरळ उमटायचं तर तो एका दमात, एका दाबानं लोटावा लागतो. माझ्या हातून तो अडखळायला लागला. त्या चित्रात एक देवी बाईचा हात धरून तिला देवापुढं नेते. एके दिवशी मुकादमाचा कारकून गोळ्याशी डोळा नेऊन म्हणाला, "बाई, तुमची देवी पाय घसरून पडतेय हो." चारचौघं हसली. मीही हसले. घरी आल्यावर जेवले नाही. ज्या बाईचा शिक्का सरळ पडत नाही तिची कोठी जाते, आणि कोठी गेलेल्या म्हातारीला मिळतो अर्धा शिधा आणि पाटा-वरवंटा. ह्या बोटांनी मी काय दळणार होते? निनझिदा बघत होती. आम्ही दोघी विधवा, एका घरात, एका चुलीवर. ती म्हणाली, "आण इकडं वहिनी. मुळूमुळू रडायला काय झालं? दगडच फिरवायचाय ना? माझे हात कुठं मेलेत?" दुसऱ्या दिवसापासून घरून निघतानाच दोरा तिच्या गळ्यात. ती पुढं, मी मागं. बोलायचं तिनंच, फिरवायचं तिनंच. कारकून, हमाल पाळीपाळीनं बदलतात; कोठीवालीचं तोंड कोणी बघत नाही, गोळा बघतात. माझ्यापेक्षा सुबक फिरवते, हे आधीच सांगून टाकते. परक्याचा शिक्का वापरणाऱ्याला दळणघर, मरेपर्यंत. हे दोघींनाही पाठ होतं. कायदा काय, सगळ्यांनाच पाठ असतो. पोट भरताना तो कोणी म्हणत बसत नाही.

गाठोड्यांना पाठ लावून मी बसले. छताजवळच्या झरोक्यातून उन्हाची एक पट्टी आत आली होती आणि तिच्यात लोकरीचे तंतू पोहत होते. किती लोकर होती त्या कोठीत! राजाच्या प्रतीची, तिच्या खालची, तिसरी, चौथी, आणि आमच्यासारख्यांच्या अंगावर येते ती. एका माणसानं जन्मभर पांघरून संपणार नाही. माझा बाप मेंढपाळ होता. दोनशे मेंढरं, आणि तो प्रत्येकीला तोंडावरून ओळखायचा. ही रुसकी, ही आपल्या मावशीवर गेली, असं सांगायचा. गावात कोठी नव्हती. आई वर्षाची लोकर टोपलीत भरायची आणि टोपलीवर एक काठी आडवी ठेवायची. एवढंच. काठी आडवी म्हणजे घेऊ नका. कोणी घेत नसे. घेतली तर संध्याकाळी विहिरीवर काय तोंडानं जाणार? आणि फारच नड असेल तर येऊन सांगायचं, अगं, तुझी काठी मी उचलली होती बरं का. आई म्हणायची, परत ठेवलीस ना? झालं. मग एका उन्हाळ्यात कालवा रुंद झाला, आणि कालव्यानं अशी माणसं यायला लागली ज्यांच्या आईला आमची आई ओळखत नव्हती. वाईट नव्हती ती माणसं. कोणी भांडी आणायचं, कोणी दूरच्या मेलुहाचे तांबडे मणी. पण काठीकडे बघून ती विचारायची, ही काठी पडलीय का इथं? जिथवर तोंडं ओळखीची तिथवर काठी पुरते. त्याच्या पुढं माती लागते. बापाची मेंढरं आधी देवळाच्या कळपात गेली, मग राजाच्या. कळप एवढा वाढला की त्याला दुसऱ्या दिवशी समोर आलेली मेंढी आपली की परकी ते कळेना. तो तिला नुसताच थोपटायचा. शेवटी शेवटी तो कोणालाही नुसतंच थोपटायचा, मलासुद्धा.

माझा नवरा, शेशकल्ला, नावेवर होता. ह्याच कोठीतली लोकर विणणाऱ्या बायांकडे जाते. त्या हजारोंनी आहेत, मी त्यांतली एकही धड ओळखत नाही. त्यांनी विणलेली वस्त्रं नावेत चढतात, समुद्र ओलांडून मगानला जातात आणि तिकडून तांबं येतं. तिथं ती कोण नेसतं ते विणणारीला माहीत नाही, आणि नेसणारीला वाटत असेल वस्त्रं नावेवरच उगवतात. मला एकेकाळी ह्याचा गर्व होता. माझ्या दाराची खुंटी ही त्या सगळ्या पसाऱ्याची एक खुंटी, मी निसटले तर तिकडं समुद्रापार कोणी बाई उघडी राहील, असं काहीतरी. मग एका खेपेला नाव आली, तांब्याची एकूणएक लादी उतरली, आणि शेशकल्ला उतरला नाही. तापानं वाटेत गेला होता. मी धक्क्यावर उभी. मला खरं बोचलं ते हे, की नावेचं काहीच अडलं नव्हतं. पुढच्याच बंदरात त्याच्या जागी दुसरा घेतला होता, त्याच्याच वल्ह्यावर. तो दुसरा माझ्यासमोरून खाली उतरला. शेशकल्लाची टोपली त्याच्या डोक्यावर होती. चांगला माणूस होता. ओशाळून हसला माझ्याकडे बघून.

ऊन झरोक्यातून सरकलं. जीभ टाळूला चिकटायला लागली. आणि मग तो विचार आला. तो आधीच आला होता, मी त्याच्याकडे पाठ करून बसले होते. निनझिदानं दार लावण्याआधी हाक मारली का? मारली असेल. मी झोपेत होते. पण तिची हाक म्हणजे चार घरं जागी होतात, आणि मला जाग आली ती मातीच्या थप्पनं, हाकेनं नाही. तिला वाटलं असेल मी सणाची आंघोळ करायला पुढं गेले. असं वाटू शकतं. चार महिने ती फिरवते शिक्का, चार महिने लोक तिला 'या बाई, बसा बाई' म्हणतात. माझ्यासमोर म्हणतात. मला कधी राग आला नाही, किंवा आला तो मी लोकरीत हात घालून शेकून काढला. गेल्या आठवड्यात तिनं शिक्क्याचा दोरा बदलला. जुना कुजलाय म्हणाली. नवा तिच्या गळ्याच्या मापाचा आहे. मी हे का आठवतेय? अंधारात माणूस घाण आठवतं. मी उठले आणि दारावर दोन्ही तळव्यांनी धडका दिल्या. बोटांतून कळ थेट खांद्यात गेली.

"कोन हाय?"

पहारेकरी. त्याला मी विसरलेच होते. दर महिन्याला नवा येतो, वरच्या कालव्याकडल्या गावांतून, आपली पाळी भरायला. ह्याचं नाव दुगा. पिकल्या केसांचा, सदा कांदा खाणारा. येऊन वीस दिवस झाले होते आणि मी त्याच्याशी एक शब्द बोलले नव्हते.

"अरे, मी आहे आत. दार उघड."

"मी म्हंजी कोन?"

"अमाकल्ला. कोठीवाली."

कांदा चावण्याचा आवाज थांबला. "अमाकल्लाबाई तर मगाच गेल्या की. ह्या डोळ्यांनी बघितलं. शिक्का मारला, मला म्हनल्या, दुगा, सणाचं गोड खा, अन् गेल्या."

"ती अमाकल्ला नव्हे रे!"

"मग कोन ती?"

खरं उत्तर दिलं की निनझिदा दळणघरात.

"हे बगा," तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "शिक्का कुनाकडं? त्यांच्याकडं. शिक्क्यावर नाव कुनाचं? अमाकल्लाचं. मला येवढंच शिकवलंय. जास्ती डोकं लावू नगंस म्हनून बी सांगितलंय."

"माझा आवाज ओळखत नाहीस तू?"

"कदी ऐकवलाय?"

खरं होतं. मी दाराला कपाळ टेकवलं. फळीला लोकरीचाच वास. "दुगा, गोळा फोड. मी सांगते ना. मी भरून देईन काय ते."

"फोडू? आमच्याकडं एकानं फोडला व्हता, वास येतोय म्हनून. आत मेलेली घूस निगाली. तरी त्याला दळणघर. घूस व्हती हो, सगळ्यांनी बघितली." मग आवाज खाली आणून, "चोर असशील तर आत्ताच सांग बाई. मुकादम देवाच्या नावंवर गेलाय, तीन दिसांनी येईल. तवर मला बी घोर नको."

"चोर नाही मी."

"चोर असंच म्हनतो." पुन्हा कांद्याचा एक घास. मग, "पानी हाय का आत?"

"नाही."

त्याचं वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर गेल्याचं ऐकू आलं. "घडा काय झरोक्यातनं जायचा न्हाई," तो म्हणाला. "कांदा टाकू का?"

आणि टाकला. वर तंतूंचा ढग उठला, कांदा तिसऱ्या प्रतीच्या लोकरीवर पडला आणि गडगडत माझ्या पायाशी आला. अर्धा खाल्लेला होता. चोरासाठी स्वतःच्या तोंडातला घास फेकणाऱ्या त्या माणसाचा मला राग यायला हवा होता, पण रडू आलं. मी तो कांदा खाल्ला. तहान दुप्पट झाली.

मग मी हाका मारणं सोडलं. ओरडायचं तर काय ओरडायचं होतं? मी अमाकल्ला आहे हे सिद्ध झालं तर निनझिदा चोर. नाही सिद्ध झालं तर मी चोर. दोन्हीकडून एकच भिंत, आणि ती मीच बावीस वर्षं लिंपत आले होते. अंगाला खाज सुटली होती, मानेवर, काखेत, पापण्यांवर. मला वाटायला लागलं की ही लोकर वाढतेय. गाठोडी फुगतायत, फट आवळत चाललीय, आणि तीन दिवसांनी दार उघडतील तेव्हा आत नुसती लोकर असेल, एक मण जास्त, आणि ती कुठल्या प्रतीत घालायची एवढाच प्रश्न उरेल. धक्क्याकडून ढोल ऐकू येत होते. त्यात माणसांचा गलका होता. इतकी माणसं, आणि त्यांच्यातल्या एकालाही माझी उणीव भासण्याचं कारण नव्हतं. दार बंद होतं, शिक्का सरळ होता.

किती वेळ गेला कोण जाणे. डावा पाय ओढत कोणीतरी पळत येत होतं. ढोपरं दुखणारी बाई पळते तसं.

"बरं झालं आलात बाई," दुगाचा आवाज. "आत कोनीतरी हाय. म्हनतंय मीच अमाकल्ला."

मी तिचा श्वास ऐकत होते, फाटलेला, धापांचा. म्हणजे ती धक्क्यावर गेली, गर्दीत मला शोधलं, मी नाही म्हटल्यावर सण सोडून उलटी पळाली. अंधारात आठवलेल्या सगळ्या घाणीची मला लाज वाटली. पण दोरीला तिचा हात लागला नाही. तिच्यापुढंही तीच भिंत होती, ती फक्त बाहेरून चाचपत होती.

मग दारावर थाप. "वन्सं! अहो वन्सं! आत राहिलात होय तुम्ही?"

मला भाऊ नाही, भावजय नाही. जन्मात मला कोणी वन्सं म्हटलेलं नव्हतं. आणि जी बाई तीस वर्षं मला अगं-तुगं करत आली तिच्या तोंडून 'तुम्ही' ऐकून मला पहिल्यांदा वाटलं, दाराबाहेर कोणी तिसरीच आलीय.

"आमच्या वन्सं आहेत रे," ती दुगाला सांगत होती. "वय झालंय. बसल्या जागी डोळा लागतो आणि झोपेत काहीबाही बरळतात."

"तुमच्या मागनं चालतात त्या व्हय? बोलत न्हाईत त्या?"

"त्याच."

माती फुटली. दोरीचे वेढे सुटले. दार उघडलं आणि ऊन असं अंगावर आलं की मी हातांनी तोंड झाकलं. तिनं मला धरून उंबऱ्याबाहेर घेतलं. तिचे केस ओले होते, कपड्यांतून पाणी गळत होतं. आंघोळ अर्धवट टाकून आलेली. दुगानं त्याचा घडा माझ्या तोंडाला लावला आणि मी जनावरासारखी प्याले. प्यायचं थांबल्यावर तो म्हणाला, "आता कसं, कोठीत मानूस सापडलं की मुकादमाच्या कारकुनाला नाव द्यावं लागतं. नियम हाय. आजे, नाव काय तुजं?"

निनझिदानं माझ्याकडे बघितलं नाही. ती नखातली माती काढत होती, खाली मान घालून. डोळ्यांनी एक खूण केली असती तरी मला सोपं गेलं असतं. बोलायचं मलाच होतं. अमाकल्ला, एवढं म्हटलं असतं तर संध्याकाळपर्यंत तिच्या पुढ्यात दळणघराचा पाटा. मला म्हणाले असते, खरी असशील तर फिरव शिक्का. आणि मी सगळ्यांदेखत फिरवला असता, आणि देवी पाय घसरून पडली असती. आणि नाही म्हटलं, तर कारकून ते दुसरं नाव मातीच्या पाटीवर लिहिणार. ओल्या मातीवर बोट फिरवून खोडता येतं. पण वाळलं की ते माझ्यापेक्षा जास्त जगणार. मला माझं नाव तोंडात जाणवत होतं, खरंच, कांद्याच्या चवीबरोबर. मी ते गिळलं.

"निनझिदा," मी म्हटलं. "ह्यांची नणंद."

"मग मगाशी अमाकल्ला, अमाकल्ला म्हनून का वरडत व्हतीस?"

"दुसरं कुठलं नाव ऐकून तू दार उघडणार होतास?"

तो गुडघ्यावर हात मारून हसला. "हे बी खरं. आजे, डोकं हाय की तुला!" मग तिच्याकडे वळून, कमरेत वाकून, "लावा बाई दार. म्या डोळ्यांनी बघितलं असं सांगतो."

तिनं नवा गोळा थापला आणि शिक्का फिरवला. एका दमात.

आम्ही निघालो. ती पुढं, मी मागं, दुगा बघत होता म्हणून. कुंभारांच्या गल्लीशी वळल्यावर तो दिसेनासा झाला आणि ती थांबली. रोज घराच्या दारात करते तसा तिनं गळ्यातला दोरा काढला आणि शिक्का माझ्यापुढं धरला. मी घेत नाही म्हटल्यावर तिचं तोंड वेडंवाकडं झालं.

"घे ना. वहिनी, घे. त्या माणसासमोर मी दुसरं काय बोलणार होते? उद्याचं उद्या बघू."

उद्या कोठ्या बंद. परवा बंद. तेरवा दुगा तिथंच बसलेला असणार, कांदा खात. तो पाळी संपवून गेला तरी त्यानं सांगितलेलं नाव राहणार. तिलाही हे कळत होतं. तरी तिनं हात मागं घेतला नाही. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. ढोल आता जोरात होते. मी तो दोरा माझ्या वाकड्या बोटांनी, फार वेळ लावून, तिच्या डोक्यावरून पुन्हा गळ्यात घातला. तिचे ओले केस त्यात अडकले, तेही सोडवले.

"केस पूस आधी," मी म्हटलं. "आणि पाय उचल, वहिनी. देवाची नाव सुटेल."